परवाना नाही, नकारही नाही

सातबाऱ्यावरची नोंद, फेरफार किंवा शिधापत्रिका मिळायला लागणारा वेळ शहरातल्या वाचकाला समजतो आणि त्याची चीडही येते. शस्त्र परवाना रखडल्याची तक्रार कानावर आली, की मात्र ‘बरेच झाले’ अशीच त्याची पहिली प्रतिक्रिया असते. समाजात बंदुका जितक्या कमी तितके चांगले, हा त्यामागचा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांतून निघणाऱ्या अर्जांच्या वाटचालीकडे पाहिले, तर बंदुका किती असाव्यात एवढ्यावरच हा विषय संपत नाही. सरकारी यंत्रणेने नागरिकाला ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीतरी लेखी सांगावे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

अर्ज मंजूर झाला तर अर्जदार समाधानी असतो. नामंजूर झाला तर तो नाराज होतो, पण अपिलात जाऊ शकतो. ज्या अर्जावर काहीच होत नाही, त्या अर्जदाराला मात्र कुठेच दाद मागता येत नाही. तो तालुक्याच्या गावातून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरच्या पुण्याला खेपा घालतो, ‘रिपोर्ट आलेला नाही’ हे उत्तर ऐकतो, पोलीस ठाण्यात चौकशी करतो आणि तिथे ‘वर पाठवला आहे’ असे ऐकून घरी परततो. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य आहे!

बदललेला मुलूख

शिरूर म्हणजे जुने घोडनदी. एकेकाळी इथे इंग्रजांच्या घोडदळाची छावणी होती. आज याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे आणि सणसवाडी-शिक्रापूरचा कारखान्यांचा पट्टा आहे. दौंडला मोठे रेल्वे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाचा तळ आहे. कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. दोन्ही तालुक्यांत ऊस, साखर कारखाने आणि गुऱ्हाळे आहेत. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर या महामार्गांनी जमिनीला भाव आणला. त्या भावाबरोबर हद्दीचे तंटे, भावकीतले दावे, कंत्राटांवरून होणाऱ्या हाणामाऱ्या आणि भीमेच्या पात्रातल्या वाळूचे राजकारणही आले.

या भागातली वस्ती विखुरलेली आहे. गावठाणापासून दूर, उसाच्या फडात एकाकी घर असते. रात्री दार वाजले तर हाक कुणाला मारायची, हा तिथल्या कुटुंबापुढचा रोजचा विचार आहे. महामार्गालगतचा पेट्रोलपंपचालक, आठवडे बाजाराच्या गावातला सराफ, कामगारांच्या पगाराची रोकड नेणारा ठेकेदार यांची भीतीही काल्पनिक नसते. दुसरीकडे, जमिनीचा पैसा हाती आल्यावर मोठी गाडी, गळ्यात साखळी आणि कमरेला पिस्तूल अशी प्रतिष्ठेची नवी त्रिसूत्रीही याच मुलखात रुजली आहे. जुलै २०२५मध्ये दौंड तालुक्यातील चौफुला परिसरात एका कला केंद्रात गोळीबार झाला, तेव्हा हातातली बंदूक आणि डोक्यातली मस्ती एकत्र आल्यावर काय घडते, याचे दर्शन साऱ्या राज्याला झाले. म्हणजेच अर्जांच्या ढिगाऱ्यात गरजूही आहेत आणि हौशीही. त्यांना वेगळे करणे हेच परवाना अधिकाऱ्याचे काम. ते काम होत नाही, तेव्हा दोघेही एकाच रांगेत तिष्ठत उभे राहतात आणि मग रांगेतून आधी कोण बाहेर पडतो, हे ओळखीपाळखीवर ठरण्याचा धोका निर्माण होतो.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम १९५९ याबाबत मोघम नाही. कलम १३ प्रमाणे अर्ज आल्यावर परवाना अधिकाऱ्याने जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचा अहवाल मागवायचा असतो आणि तो विहित मुदतीत यायला हवा. २०१६च्या शस्त्र नियमांनी ही मुदत तीस दिवसांची ठरवली आहे. अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत परवाना अधिकाऱ्याने निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे साधारण तीन महिन्यांत अर्जाचा निकाल लागला पाहिजे.

याहून महत्त्वाची तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. पोलिसांचा अहवाल मुदतीत आला नाही, तर त्याची आणखी वाट न पाहता निर्णय देण्याची मुभा याच कलमाने परवाना अधिकाऱ्याला दिली आहे. अर्थात, ती मुभा आहे; सक्ती नाही. पोलिसांच्या अहवालाशिवाय कुणाच्या हाती बंदूक देणे कोणताही जबाबदार जिल्हाधिकारी टाळेल आणि ते योग्यही आहे. पण अहवालाअभावी नकार देणे किंवा उशिराबद्दल संबंधितांना जाब विचारणे, हे दोन मार्ग तरी त्याला मोकळेच असतात.

नकार द्यायचा तर कलम १४ नुसार त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अर्जदाराने मागितल्यास ती थोडक्यात कळवावी लागतात. सार्वजनिक हिताला बाध येत असेल तरच ती रोखून धरता येतात. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, हेही त्याच कलमात स्पष्ट आहे. कलम १८ अपिलाचा हक्क देते. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, तर पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य सरकारकडे अपील होते. पण अपील आदेशावर होते. आदेशच नसेल तर अपील कशावर करणार? मग उरतो तो मुंबईत उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग. गुऱ्हाळ चालवणाऱ्याला किंवा वस्तीवरच्या शेतकऱ्याला तो परवडणारा नाही. न दिलेला निर्णय हा अशा रीतीने सर्वांत पक्का नकार ठरतो. त्यावर कुणाची सही नसते आणि त्याला कुठे आव्हानही देता येत नाही.

दोन घरचा पाहुणा

विलंबाचे एक कारण रचनेतच आहे. पुणे शहरात परवाना देणारा अधिकारी पोलीस आयुक्त असतो आणि चौकशी करणारे पोलीस ठाणेही त्याच्याच अखत्यारीत येते. पुणे-नगर रस्त्यावरचे लोणीकंद आणि सोलापूर रस्त्यावरचे लोणी काळभोर ही ठाणी २०२१मध्ये शहर आयुक्तालयात गेली. त्यांच्यापुढे याच रस्त्यांवर असणारे शिरूर आणि दौंड मात्र पुणे ग्रामीणमध्ये राहिले. ग्रामीण भागात परवाना देतो जिल्हाधिकारी, म्हणजे महसूल यंत्रणा. चौकशी करतात पोलीस. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून ग्रामीण पोलीस अधीक्षकांकडे, तिथून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांकडे आणि शेवटी ठाण्यात जातो. अहवाल तसाच पायरी-पायरीने वर चढतो. वाटेत एखादे कागदपत्र कमी निघाले, की प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

दोन स्वतंत्र यंत्रणांनी एकमेकींना तपासणे तत्त्वतः चांगलेच आहे. मात्र व्यवहारात दोन घरच्या पाहुण्यासारखी फाइलची अवस्था होते. या घराला वाटते ती त्या घरी असेल आणि त्या घराला वाटते ती या घरी असेल. त्यात ठाण्यावर बंदोबस्त, तपास, यात्रा, निवडणुका यांचा भार असतो. निवडणुकीच्या काळात तर आहेत त्या परवानाधारकांचीच शस्त्रे जमा करून घेण्याची गडबड असते. नव्या अर्जाला कोण विचारतो?

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. ज्याच्या सहीने परवाना दिला, त्याच्या हातून उद्या गोळी सुटली तर प्रश्न सही करणाऱ्याला विचारले जातात. फाइल वर्षभर टेबलावर पडून राहिली, तर सहसा कुणीच कुणाला काही विचारत नाही. अशा स्थितीत अधिकाऱ्याने सही न करण्याकडे कल ठेवणे मानवी स्वभावाला धरूनच आहे. पण कायद्याने सहीची जबाबदारी दिली आहे ती ‘होय’साठीही आणि ‘नाही’साठीही. नकाराच्या आदेशावर सही करायला तर गोळी सुटण्याची भीतीही आड येत नाही. आड येतात ती लेखी द्यावी लागणारी कारणे, संभाव्य अपील आणि अर्जदारामागे उभ्या असलेल्या पुढाऱ्याची नाराजी.

ढिलाईची दुसरी बाजू

एकीकडे अर्ज वर्षानुवर्षे अडतात, तर दुसरीकडे परवान्यांची खैरात होते. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या गोष्टींचे मूळ एकच आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उघड झाले. मग धावपळ करून फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. जे परवाने काही आठवड्यांत रद्द होण्याच्या लायकीचे ठरले, ते दिले गेले तेव्हा कारणे तपासली होती का, याचे उत्तर मिळायला हवे.

पुण्याजवळची उदाहरणेही आहेत. मे २०२५मध्ये मुळशीतील एका विवाहितेच्या मृत्यूने महाराष्ट्र हादरला. त्या प्रकरणातील आरोपींनी शहरातला खोटा पत्ता दाखवून शस्त्र परवाने मिळवल्याचे आरोप पुढे आले आणि त्याबद्दल स्वतंत्र गुन्हे नोंदवले गेले. पत्ता खरा की खोटा, ही तर चौकशीची पहिली पायरी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, पुण्यातील एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाला पोलीस आयुक्तांनी नाकारलेला परवाना गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केल्याचे प्रकरण गाजले. अर्जदाराविरुद्ध प्रलंबित खटला नाही आणि जुन्या खटल्यात न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आहे, असे स्पष्टीकरण मंत्र्यांनी दिले. पोलिसांनी प्रत्यक्ष परवाना दिला नाही. या वादात कुणाची बाजू बरोबर, हा भाग वेगळा. पण इथे नकार लेखी होता, म्हणून अपील झाले. अपिलाचा आदेश लेखी होता, म्हणून त्यावर जाहीर चर्चा होऊ शकली. लेखी निर्णयाचा हा फायदा आहे. तो चुकला तर चूक दिसते.

परवाना असणे म्हणजे जबाबदारीची हमी, असेही नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये उल्हासनगरला पोलीस ठाण्यातच तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी जमिनीच्या वादातून गोळीबार केला. ते शस्त्र परवान्याचे होते. शिरूर-दौंडमधले बहुतांश वाद जमिनीचेच आहेत, हे लक्षात घेतले तर इथे परवाना देताना हात आखडता घेण्याला सबळ कारण आहे, हे मान्य करावे लागते. जमिनीचा दावा चालू असलेल्या अर्जदाराला पिस्तूल नाकारणे हा शहाणपणाचा निर्णय ठरेल. फक्त तो निर्णय म्हणून द्यावा.

कायदेशीर वाट अडली म्हणून शस्त्रे थांबत नाहीत, हेही इथे नोंदवले पाहिजे. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातले उमर्टी हे गाव गावठी पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये पुणे पोलिसांनी तिथपर्यंत जाऊन छापे घातले आणि शस्त्रे घडवणाऱ्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. गुन्हेगार परवान्याच्या रांगेत उभा राहत नाही. रांगेत उभा राहतो तो कायदा मानणारा माणूस. त्याला अनिश्चित काळ ताटकळत ठेवल्याने गुन्हेगारीला आळा बसतो, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

बिबट्या आणि बंदूक

शिरूरपुरता या मागणीला अलीकडे आणखी एक पदर आहे, तो बिबट्याचा. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२५ या काळात पिंपरखेड-जांबुत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन लहान मुलांसह तिघांचा बळी गेला. संतप्त ग्रामस्थ महामार्गावर उतरले, वनखात्याचे वाहन पेटवले गेले आणि अखेर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नेमबाजांनी त्या बिबट्याला गोळ्या घातल्या. अशा वेळी ‘आम्हालाच बंदुका द्या’ असे एखाद्या बापाला वाटले, तर त्याला दोष कसा देणार?

परंतु इथे स्पष्टपणे सांगायला हवे, की बंदुकीचा परवाना हा बिबट्या मारण्याचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत बिबट्याचा समावेश आहे. त्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. प्रत्यक्ष जीव वाचवताना सद्भावनेने केलेली कृती तेवढी गुन्हा ठरत नाही. रानडुकरासारख्या पिके फस्त करणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीतही वन्यजीव कायद्याखालची परवानगी लागतेच. शस्त्र अधिनियमाने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी, तुलनेने सोपी तरतूद केली आहे. शेतकऱ्याची गरज आणि पिस्तुलाची हौस यांत कायद्यानेच केलेला हा फरक अर्ज हाताळतानाही दिसला पाहिजे. अर्थात, रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला बंदुकीपेक्षा दिवसाची वीज अधिक उपयोगाची आहे. वस्त्यांवर दिवे, पोलिसांची रात्रीची गस्त, वनखात्याचे पिंजरे आणि पथके वेळेवर पोहोचली, तर अर्जांचा ढीग आपोआप कमी होईल. लोक बंदूक मागतात, त्या मागणीत पोलीस आणि वनखाते वेळेवर येणार नाही, हा अनुभवही मिसळलेला असतो.

मेहेरबानी की कर्तव्य?

या विषयाला इतिहासही आहे. १८७५मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्याचा वणवा शिरूरसह आसपासच्या तालुक्यांत पसरला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७८मध्ये, लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. एतद्देशीयांच्या हाती शस्त्र असणे म्हणजे सरकारची मेहेरबानी, ही त्यामागची भूमिका होती. काँग्रेसने १८८७च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. १९३१च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद होता. घटना समितीत डिसेंबर १९४८मध्ये एच. व्ही. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत आणण्याचा प्रयत्न केला. तो मान्य झाला नाही. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्येही करून दिली. ते योग्यच आहे. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि आनंदोत्सवातला बेपर्वा गोळीबार दंडनीय ठरवला. या कडकपणाचेही स्वागतच केले पाहिजे.

शस्त्र मिळण्याचा हक्क नसला, तरी अर्जाचा निर्णय मिळण्याचा हक्क निश्चित आहे. १९५९च्या कायद्याने ‘मेहेरबानी’च्या जागी लेखी कारणांचे कर्तव्य आणले. कागदावर बदललेली ही वृत्ती कार्यालयात अजून बदललेली नाही.

उपायांसाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. अर्ज मिळाल्याची तारीख, तो पोलिसांकडे गेल्याची तारीख आणि अहवाल परत आल्याची तारीख अर्जदाराला मोबाइलवर दिसायला हवी. तीस दिवस उलटले, की विलंबाचे कारण संबंधित ठाण्याने लेखी द्यावे. नूतनीकरणाचे अर्ज नव्या अर्जांच्या ढिगात टाकू नयेत. मुदत संपलेला परवाना घेऊन बसलेला सुरक्षारक्षक किंवा निवृत्त जवान स्वतःची चूक नसताना अडचणीत येतो आणि त्याची नोकरीही जाऊ शकते. जिल्हाधिकारी कार्यालयाने दर तीन महिन्यांनी तालुकानिहाय किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि किती मुदतीबाहेर पडून आहेत, एवढे चार आकडे प्रसिद्ध करावेत. कुणाचे नाव त्यात नको, पत्ता नको. या आकड्यांनी अडवणूकही दिसेल आणि खैरातही. एखाद्या तालुक्यात अचानक परवाने वाढले, तर बीडसारखी एखाद्या हत्येची वाट पाहावी लागणार नाही.

शिरूर ओलांडून नगर रस्त्याने थोडे पुढे गेले, की राळेगणसिद्धीचा फाटा लागतो. तिथल्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राला माहिती अधिकाराबरोबरच ‘दफ्तर दिरंगाई’चा कायदाही मिळाला. २००५च्या त्या अधिनियमानुसार कोणतीही फाइल सरकारी कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. हा कायदा रद्द झालेला नाही. तो विसरला गेला आहे. शिरूर आणि दौंडच्या अर्जदारांपैकी अनेकांना परवाना मिळू नये, असे मत असायला हरकत नाही. मात्र त्यांच्या हाती नकाराचा कागद तरी पडला पाहिजे. तो देण्याची हिंमत ज्या यंत्रणेत नाही, तिच्या होकारावर तरी लोकांनी विश्वास का ठेवावा?